ड्रॅक्युला बोटीवर कामाला होता: जुने भयपट, कामगार आणि समुद्र

रातकिडा

पडद्यावरचा ड्रॅक्युला मातीच्या पेट्यांसकट बोटीच्या तळाशी लपून इंग्लंडला येतो. ही भूमिका गाजवणारा बेला लुगोसी अमेरिकेला गेला तोही मालवाहू बोटीनेच. पण लपून नाही आणि तिकीट काढूनही नाही, इंजिनखात्यात राबत. डिसेंबर १९२० मध्ये बोट न्यू ऑर्लिन्सला लागली आणि हा उतरला.

मायदेश सोडायची वेळ आली ती युनियनपायी. १९१९ साली हंगेरीत बेला कुनचं कम्युनिस्ट सरकार आलं, तेव्हा नाटकवाल्यांची संघटना बांधण्यात लुगोसी पुढे होता. साडेचार महिन्यांत सरकार कोसळलं, धरपकड सुरू झाली. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन, मग बोट.

पुढे १९३१ च्या 'ड्रॅक्युला'साठी युनिव्हर्सल स्टुडिओने त्याला आठवड्याला ५०० डॉलर दिले. सात आठवड्यांचे ३,५००, विषय संपला. त्याच सेटवर रात्री स्पॅनिश 'ड्रॅक्युला' चित्रित होत होता, वेगळे नट आणि वेगळा दिग्दर्शक घेऊन. संध्याकाळी इंग्रजीवाले घरी गेले की स्पॅनिशवाले हजर, गिरणीच्या पाळ्या बदलाव्यात तसं. (माझ्या मते रात्रपाळीचा चित्रपट जास्त चांगला उतरलाय. कॅमेरा निदान हलतो तरी.)

त्याच वर्षी 'फ्रँकेनस्टाइन' आला. त्यातला राक्षस झालेला बोरिस कार्लॉफ तेव्हा चाळिशी ओलांडलेला, पडेल ते काम करत आलेला नट. त्याआधी कॅनडात त्याने खड्डे खणण्यापर्यंत अंगमेहनतीची कामं केली होती. रंगभूषाकार जॅक पियर्स रोज जवळजवळ चार तास त्याच्या चेहऱ्यावर काम करायचा. वर अवजड बूट आणि ऐन उन्हाळ्यात जाड कपडे. एकदा तर सलग पंचवीस तास काम झालं. डॉक्टर फ्रँकेनस्टाइनला खांद्यावर टाकून टेकडी चढायचा प्रसंग दिग्दर्शक जेम्स व्हेलने इतक्यांदा करून घेतला की पाठीचं दुखणं जन्मभर मागे लागलं. आणि सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे काय, तर प्रश्नचिन्ह!

मार्च १९३३ मध्ये मंदीचं कारण सांगून निर्मात्यांनी नटांचे पगार निम्म्यावर आणायचं जाहीर केलं. जूनच्या शेवटी स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड ही नटांची संघटना स्थापन झाली. कार्लॉफचा सदस्य क्रमांक ९. लुगोसीही अगदी सुरुवातीच्या सभासदांत. निर्मात्यांनी गिल्डला मान्यता दिली ती थेट मे १९३७ मध्ये.

तेव्हा माझं म्हणणं असं, की हॉलिवूडच्या या दोन राक्षसांना भीती कशी दाखवायची ते कळत होतं, कारण आपला दिवस दुसऱ्याच्या मालकीचा असणं काय असतं हे त्यांनी भोगलं होतं. आणि त्या काळच्या भयपटांत जिथे बोट येते तिथे हे सगळ्यात उघडं पडतं. बोटीवरून पळून जायला जागा नसते, आणि कप्तानाच्या वर कोणी नसतं.

यासाठी १९४३ चा 'द घोस्ट शिप' बघाच. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक मार्क रॉबसन. नावात भूत असलं तरी चित्रपटात एकही भूत नाही. स्टोन नावाचा कप्तान आहे, आणि खलाशांच्या जिवावर आपला हक्क आहे अशी त्याची ठाम समजूत आहे. बोटीवर काम केलेलं इथे कोणी असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

शंकासुर

लेख रंजक आहे, पण ओढूनताणून जुळवलाय. आठवड्याला ५०० डॉलर, तेही ऐन मंदीत! तिथे लोक भाकरीच्या रांगेत उभे होते. याला कामगारांचे हक्क म्हणायचं तर उद्या क्रिकेटपटूंच्या मानधनालाही म्हणा.

आणि युनियन म्हटलं की सगळं धुतल्या तांदळासारखं नसतं. त्याच हॉलिवूडमध्ये सेटवरच्या कामगारांची जी मोठी संघटना होती तिच्या वरच्या खुर्च्यांवर गुंड बसले होते. ब्राउन आणि बायॉफ ही जोडी संपाची धमकी देऊन स्टुडिओंकडून खंडणी उकळत होती. १९४१ मध्ये दोघांना शिक्षा झाली.

रातकिडा

@शंकासुर, बायॉफचा मुद्दा मान्य. पण गिल्डची सुरुवात बड्या ताऱ्यांनी केलेली नाही. सुरुवातीची मंडळी बरीचशी मधल्या फळीतली, चरित्र भूमिका करणारी होती. राल्फ मॉर्गन, ॲलन मोब्रे, केनेथ थॉमसन ही नावं आज कोणाला आठवतात? मोठे तारे आले ते काही महिन्यांनी. आणि ५०० डॉलर आठवड्याचे, तेही काम असेल त्या आठवड्याचे. 'ड्रॅक्युला'नंतर साधारण वर्षभराने लुगोसी 'व्हाइट झोंबी'सारख्या स्वस्तातल्या चित्रपटात काम करत होता, जो जेमतेम दोन आठवड्यांत उरकला.

दाभोळखाडी

नमस्कार मंडळी. मी बोटीवर होतो, मोटरमन म्हणून, म्हणजे इंजिनखात्यात. आमचे वडील कोळशाच्या बोटींवर आगवाला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे. त्यामुळे या विषयावर लिहायचा मला थोडा हक्क आहे असं समजतो.

रातकिडा यांनी सांगितलेला चित्रपट परवा नातवाने लावून दिला. सुरुवातीलाच तो हुकाचा प्रसंग आहे. मालाचा अवजड लोखंडी हुक मोकळा लोंबकळतोय. तिसरा अधिकारी म्हणतो बांधून ठेवू. कप्तान नाही म्हणतो. का? तर हुकाला नुकताच रंग दिलाय, तो खराब होईल. रात्री हवा बिघडते आणि हुक डेकवर घणासारखा फिरायला लागतो.

बाकी काही असो, हे लिहिणाऱ्याने बोट पाहिलेली आहे. रंगाचा सोस हा बोटीवरचा खरा रोग. पाहणीला साहेब येणार म्हटलं की गंजावरच रंग फासायचा. मी एका बोटीवर होतो (नाव लिहीत नाही) तिथे लाइफबोटीच्या यंत्राला इतके हात मारले होते की कवायतीच्या वेळी खीळ हलेना. त्यावर ओरडा आम्हालाच. रंगाचे डबे वरूनच आले होते, हे कोणी बोललं नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागला तो चौकशीचा प्रसंग. तिसरा अधिकारी बंदरात कंपनीच्या माणसाकडे कप्तानाची तक्रार करतो. चौकशी बसते. एकेक खलाशी पुढे येतो आणि सांगतो, कप्तान चांगला आहे. डोळ्यांसमोर माणसं मेली आहेत आणि तरी असं. नातू म्हणाला, आजोबा, हे अतिच आहे, कोणीतरी बोलेलच की. मी त्याला म्हटलं, बाबा रे, नळीवर शेरा कोण मारतो? कप्तान. पुढची बोट कोणाच्या शब्दावर मिळते? मग कोण बोलणार?

(नळी म्हणजे आजची सीडीसी, खलाशाच्या नोकरीची नोंदवही. पूर्वी ती पत्र्याच्या नळीत घालून ठेवत, म्हणून आमच्याकडे अजून नळीच म्हणतात.)

वकीलीणबाई

काका, प्रतिसाद फार आवडला. त्यात कायद्याची बाजू जोडते.

कप्तान स्टोनचा माज हवेतून आलेला नव्हता. १८९५ मध्ये 'अरागो' या बोटीवरून चार खलाशी ओरेगॉनच्या ॲस्टोरिया बंदरात काम सोडून उतरले. त्यांना पकडून तुरुंगात ठेवलं आणि बोट निघायच्या वेळी जबरदस्तीने परत चढवलं. त्यांनी कामाला नकार दिला, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्यावर पुन्हा अटक. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. गुलामगिरी आणि सक्तीची मजुरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती होऊन तेव्हा तीस वर्षं उलटली होती. १८९७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, ती खलाशांना लागू नाही! खलाशाचा करार पूर्वापार वेगळाच मानला गेला आहे, असं कारण. विरोधात एकटे न्यायमूर्ती हार्लन.

कारखान्यातला माणूस नोकरी सोडून गेला तर फार तर पगार बुडायचा. बोटीवरचा माणूस गेला तर तो गुन्हेगार. हे अमेरिकेत पूर्णपणे बदललं १९१५ च्या सीमेन्स ॲक्टने. त्यामागे अँड्र्यू फ्युरुसेथ या नॉर्वेहून आलेल्या खलाशाने वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं धरणं धरलं होतं.

आता कडू भाग. त्याच कायद्यात अट होती की प्रत्येक खात्यातल्या ठरावीक टक्के खलाशांना अधिकाऱ्यांची भाषा समजली पाहिजे. सुरक्षिततेचं कारण दिलं होतं, पण रोख चिनी आणि इतर आशियाई खलाशांवर होता. फ्युरुसेथ गोऱ्या खलाशांसाठी जीव तोडून लढला आणि आशियाई खलाशांना बोटीवरून हटवायलाही तेवढ्याच जोमाने लढला.

मांडवीपार

बाईंनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. आमच्या घरातले पुरुष दोन पिढ्या ब्रिटिश बोटींवर सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांचं जेवणखाण आणि केबिनी बघायला. मुंबईतून भरती होणाऱ्या बोटींची साधारण वाटणी ठरलेली असे. डेकवर कोकण-गुजरातची माणसं, इंजिनात पंजाबी-पठाण, सलूनमध्ये आम्ही गोंयकार. दोन बोटींच्या मधल्या काळात मुक्काम धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या वसतिगृहात. एकेका गावाची एकेक कूड. जेर महालात तर किती कुडी होत्या. एक पेटी ठेवण्यापुरती जागा, भिंतीवर आल्तार (वेदी) आणि रोजचा तेर्स (प्रार्थना). बोट मिळाली नाही तर महिनोन् महिने तिथेच.

इंग्रजी चित्रपटांत या बोटी दिसतात तेव्हा ही माणसं कुठे असतात? १९१४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर ५०,००० हून जास्त लास्कर (हिंदी आणि इतर आशियाई खलाशी) होते, म्हणजे दर सहा खलाशांत एक. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतका. १८९४ च्या कायद्याप्रमाणे झोपायची जागा गोऱ्याला ७२ घनफूट आणि लास्करला ३६. लास्करांचा करार वेगळा, विलायतेत उतरून दुसरी नोकरी धरता येऊ नये अशा बेताने केलेला.

दुसरं महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये ब्रिटनच्या आणि इतर बंदरांत लास्करांनी बोटी हलवायला नकार दिला. पाणबुड्यांच्या तोंडी जायचं तर पगार दुप्पट करा, ही मागणी. शेकडो जण तुरुंगात गेले, पण पगार वाढवावा लागला. त्या युद्धात सहा हजारांवर भारतीय खलाशी मेले. पहिल्या युद्धातल्या, समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक मस्जिद बंदरजवळच्या सेलर्स होममध्ये आहे. शेजारून रोज लाखो लोक लोकलने जातात.

शंकासुर

आता धागा भयपटांचा राहिला आहे का, एवढंच विचारतो.

पंचगंगा

राहिलाय की. वर 'व्हाइट झोंबी'चा उल्लेख आला आणि मी हललोच. १९३२ चा चित्रपट, गोष्ट हैतीतली. लुगोसी साखर कारखान्याचा मालक आहे आणि कारखान्यात झोंबी राबतात. दगडी चक्की करकरत फिरतेय, माणसं उसाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन रांगेने येताहेत. एक जण तोल जाऊन चक्कीत पडतो. कोणी वळूनही बघत नाही, चक्की थांबत नाही. मालक पाहुण्याला कौतुकाने सांगतो की ही माणसं इमानी आहेत आणि कामाच्या तासांबद्दल त्यांची कुरकूर नसते.

हे १९३२ मध्ये! तेव्हा हैतीवर अमेरिकेचा लष्करी ताबा होता, १९१५ पासून १९३४ पर्यंत. सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकी सैनिकांनी गावकऱ्यांना दोरखंडाने बांधून रस्ते बांधायला जुंपलं होतं. तिथल्या लोककथेतला झोंबी माणसं खात नाही. मेल्यावरही काम संपत नाही, ही त्यातली भीती. गुलामीतून सुटलेल्या लोकांनाच अशी गोष्ट सुचू शकते.

मी साखरपट्ट्यातला आहे. मराठवाड्यातून टोळ्या येतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. बोटीवरच्या लोकांत उचलीसारखं काही होतं का हो काका?

दाभोळखाडी

@पंचगंगा, होतं की. घाट सारंग नावाचा माणूस असायचा. बोट मिळवून द्यायची तर त्याचे हात ओले करायचे. पैसे नसले तर तोच कर्ज द्यायचा आणि पहिल्या पगारांतून कापून घ्यायचा. वडील सांगत, बोट सुटायच्या आधीच तीन पगार गेलेले असत. पुढे रोस्टर आलं, शिपिंग मास्तरच्या ऑफिसातून नंबराने माणूस घ्यायला लागले, तेव्हा तो जाच कमी झाला. आता एजंट म्हणतात. कपडे बदलले.

रातकिडा

@शंकासुर, भयपटांकडे येतो. ल्यूटननेच १९४३ मध्ये 'आय वॉक्ड विथ अ झोंबी' काढला, दिग्दर्शक जाक तूर्नर. कॅरिबियन बेटावर उसाचा मळा, तिथे एक कॅनेडियन नर्स येते. घोडागाडी हाकणारा तिला सांगतो की तुमच्या मालकांच्या पूर्वजांनी आमच्या पूर्वजांना भल्यामोठ्या बोटीतून, तळाशी साखळदंडांनी बांधून आणलं. ती उत्साहाने म्हणते, पण किती सुंदर जागी आणलं! तो अदबीने म्हणतो, तुम्ही म्हणता तर तसं. एवढ्या एका वाक्यात अख्खा मळा उभा राहतो.

आणि त्या वाड्याच्या अंगणात काय आहे? गुलामांच्या बोटीच्या नाळेवरचा (पुढच्या टोकावरचा) लाकडी पुतळा. बाणांनी विद्ध झालेला संत सेबास्टियन, पाणी ठिबकून काळा पडलेला. कारंज्याच्या जागी तो ठेवलाय. त्या घरात झोंबी आहे, ढोल आहेत, अंधारातून चालणारी पांढऱ्या कपड्यातली बाई आहे, पण भीती त्या पुतळ्याची वाटते. ल्यूटनला स्टुडिओ भडक नावं द्यायचा, बजेट तुटपुंजं द्यायचा, आणि हा असं काहीतरी करायचा. 'घोस्ट शिप'ला तर १९३९ च्या एका बोटपटाचा जुना सेट पडून होता, तो वापर, असंच त्याला सांगितलं होतं.

चित्रपट लागल्यावर दोन लेखकांनी कथाचोरीचा दावा लावला, स्टुडिओ हरला आणि चित्रपट जवळजवळ पन्नास वर्षं डब्यात. म्हणून काकांसारख्या लोकांपर्यंत तो आत्ता पोचतोय.

एडिसनकर

अवांतर, पण मराठी वाचकांना आवडेल असं. बोरिस कार्लॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या मीठ खात्यात नोकरीला. आई एलायझा मिलार्ड. या एलायझाची मावशी म्हणजे ॲना लिओनोवेन्स, सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली, जिच्यावर पुढे नाटकं-चित्रपट निघाले ती.

ॲना आयुष्यभर सांगत राहिली की मी वेल्समध्ये जन्मले. प्रत्यक्षात जन्म १८३१ चा, अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर). लग्न १८४९ च्या नाताळात पुण्यात. घराण्यात हिंदी रक्त असावं असं अभ्यासक मानतात, आणि ते लपवण्यासाठीच वेल्सची गोष्ट. हे खोदून काढलं विल्यम ब्रिस्टो यांनी, जे खरे तर कोळ्यांचे तज्ज्ञ होते. जाळं विणणारे कोळी, मासे धरणारे नव्हेत!

थोडक्यात, फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाची मावशीआजी नगरची.

कामिनी४९

एडिसनकर, दंडवत! नगरकर आता कार्लॉफचा पुतळा मागतील.

आपल्याकडच्या जुन्या भयपटाचा विषय कोणीच काढला नाही. 'महल', १९४९, बॉम्बे टॉकीज, मालाड. नदीकाठचा वाडा, मध्यरात्री बोटीने यायचा तो प्रियकर, वादळात बुडालेली बोट. कॅमेरा योसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा, त्यामुळे सावल्या थेट बर्लिनवरून आल्यासारख्या. आणि 'आयेगा आनेवाला'. रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? कामिनी! म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. लोक रेडिओला विचारायला लागले, ही कोण गाते, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. पुढे लताबाईंनी रॉयल्टीसाठी जी भांडणं केली ती आठवा. कार्लॉफच्या प्रश्नचिन्हाची जातकुळी हीच.

त्याहून भारी पुढे आहे. बॉम्बे टॉकीज डबघाईला आली, पगार थकले. तेव्हा तिथल्या कामगारांनी सहकारी सोसायटी काढून स्वतःच चित्रपट केला, १९५४ चा 'बादबान'. दिग्दर्शक फणी मजुमदार, कलाकार देव आनंद, मीनाकुमारी, अशोककुमार आणि आपल्या उषा किरण. बादबान म्हणजे शीड, आणि कथेत समुद्रावरचे मच्छीमार. तुमचे तिन्ही विषय एका स्टुडिओत सापडले की नाही?

शंकासुर

'बादबान' कंपनीला वाचवू शकला नाही, हेही लिहा.

कामिनी४९

नाही वाचवू शकला. लिहिलं.

अंगणवाडी_ते_अंटार्क्टिका

वाचतेय. १९४६ च्या नाविक बंडाला वेगळा धागा हवा. मुंबईतल्या 'तलवार' या नौदलाच्या तळावरही सुरुवात जेवणाच्या तक्रारीपासूनच झाली होती.

वकीलीणबाई

वेगळा धागा काढाच. मी इथे प्लिमसोलबद्दल थोडं लिहिते, कारण 'घोस्ट शिप' ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या खलाशांना नवी नव्हती. ते शवपेटी जहाजं म्हणायचे. कुजलेली बोट घ्यायची, विमा भरपूर उतरवायचा, माल ठासून भरायचा. पोचली तर भाडं, बुडाली तर विमा. खलाशी करारावर सही केल्यावर चढायला नकार देऊ लागले तर तुरुंग.

सॅम्युअल प्लिमसोल हे इंग्लंडमधल्या डर्बीचे खासदार. जुलै १८७५ मध्ये त्यांचं विधेयक सरकारने गुंडाळलं, तेव्हा भर सभागृहात त्यांनी जहाजमालक खासदारांना खलपुरुष म्हटलं आणि मोठा गोंधळ झाला. पण लोकमत पेटलं आणि पुढच्याच वर्षी कायदा आला. बोटीच्या बाजूला जो गोल आणि आडवी रेघ दिसते ती तेव्हाची, याच्यावर पाणी आलं म्हणजे माल जास्त झाला. गंमत अशी की रेघ कुठे मारायची हे मात्र मालकावरच सोडलं होतं! एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगवल्याची कथा सांगतात. जागा कायद्याने ठरायला १८९० उजाडलं.

आज आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे, भारताने २०१५ मध्ये तो स्वीकारला. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्याला ७७ तास. काका, प्रत्यक्षात?

दाभोळखाडी

प्रत्यक्षात रजिस्टर असतं. बोटीवरचं सगळ्यात सुंदर ललित लेखन त्यात सापडेल. बंदरात रात्रभर माल उतरवून सकाळी परत वॉचवर उभा असलेला माणूस कागदावर दहा तास घोरत असतो. कमी तास लिहिले तर वरून विचारणा होते, की तुमचं नियोजन चुकतंय. माणसं वाढवून द्या असं कोणी म्हणत नाही.

पण सगळंच तसं आहे असं नाही. माझ्या शेवटच्या शेवटच्या बोटींवर वाहतूक कामगार महासंघाचा तपासनीस चढला की अधिकाऱ्यांची पळापळ व्हायची. थकलेले पगार एका दिवसात निघालेले मी पाहिलेत. वडिलांच्या वेळी असं काही नव्हतं.

भुताच्या बोटी मात्र अजून आहेत. मालक दिवाळं काढून गायब होतो आणि माणसं बोटीवर अडकतात. उतरली तर थकलेला पगार बुडेल, राहिली तर अन्नपाणी नाही. 'इबा' नावाची टँकर आठवते का? जानेवारी २०२१ मध्ये अमिरातीतल्या उम्म अल क्वैनच्या किनाऱ्याला वाहत येऊन लागली. वर पाच माणसं, त्यात भारतीयही, पगाराविना वर्षानुवर्षं अडकलेली. करोनाच्या काळात तर जगभरात करार संपूनही बोटीवरच राहिलेले लोक चार लाखांपर्यंत गेले होते.

एडिसनकर

काका, तुम्ही स्वतंत्र लेख लिहाच.

'ड्रॅक्युला'ची बोट मात्र राहिली. ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावी राहिला होता. तिथे १८८५ च्या वादळात 'दिमित्री' नावाची रशियन बोट किनाऱ्यावर चढल्याचं त्याला कळलं. कादंबरीतली 'डेमेटर' तीच. वार्नाहून निघते, एकेक माणूस नाहीसा होतो आणि शेवटी सुकाणूला हात बांधून घेतलेला मेलेला कप्तान तेवढा बंदरात येतो. १९२२ च्या 'नोस्फेरातू'त हाच भाग सगळ्यात जमलाय. १९३१ च्या चित्रपटात मात्र एका जुन्या मूकपटातली वादळाची दृश्यं चिकटवून बोट उरकली आहे.

वकीलीणबाई

डेमेटरच्या त्या रोजनिशीत एक नोंद आहे, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. दोन माणसं गेल्यावर खलाशी कप्तानाला राउंड रॉबिन देतात, की पहाऱ्यावर एकटा माणूस नको, दोघं ठेवा. मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, चिडतो.

राउंड रॉबिन म्हणजे सह्या गोलात केलेला अर्ज. पहिली सही कोणाची हे कळू नये म्हणून. कारण यादी केली की सगळ्यात वरचं नाव म्हणजे बंडाचा म्होरक्या, आणि बंडाची शिक्षा काय ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे ड्रॅक्युलाच्या बोटीवर ड्रॅक्युलाशी गाठ पडण्याआधी खलाशांनी केलं काय, तर एकत्र येऊन मनुष्यबळ वाढवायची लेखी मागणी!

रातकिडा

बाई, हे जबरदस्त आहे. 'घोस्ट शिप'मध्येही लुई नावाचा खलाशी कप्तानाकडे जाऊन हेच मागतो, की दोन माणसं गेली, जवळच्या बंदरात थांबून नवी माणसं घ्या. कप्तान शांतपणे म्हणतो, काही कप्तान हे मनात ठेवतील हं लुई. थोड्या वेळाने लुई साखळीच्या खोलीत असताना नांगराची साखळी वर यायला लागते. दार बाहेरून बंद. फरक एवढाच, की लुई एकटा गेला होता.

शंकासुर

हे मात्र मी मान्य करतो. पण दोघांना उभं करूनही डेमेटरवर काही उपयोग झाला नाही, याची नोंद घ्यावी. समोर ड्रॅक्युला होता.

दाभोळखाडी

शंकासुर, ती बोट जिब्राल्टरवरून गेली ना? तोपर्यंत एक माणूस कमी झालेला होता. पुढे बिस्केचा उपसागर, तिथली हवा कशी असते हे कोणत्याही खलाशाला विचारा. मग त्या कप्तानाने जिब्राल्टरला बोट का नाही घातली? माल वेळेत पोचवायचा होता, दुसरं काय. माणूस कमी झाला की बंदर धरायचं. ड्रॅक्युला पेटीत होता हे नंतरचं.